संतापाची प्रयोगवही

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकलं की तुम्ही चुकीच्या माणसाला फोन केलात. डॉक्टरांना रोगी भेटतात, पोलिसांना चोर भेटतात, वकिलांना दोघेही भेटतात. त्यांनी अनुभव लिहावेत. मी बडोद्यातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. माझ्या हाताखालून गेलं काय, तर हजेरीपत्रकं आणि खडू. संपादक म्हणाले, "सर, तेच लिहा." चिकट माणूस. तेव्हा लिहितोय, पण वाचकांनी सुरुवातीला जरा कळ सोसावी, कारण आमच्या धंद्यात पहिली दहा मिनिटं धंदा काय आहे हे सांगण्यातच जातात.

तत्त्वज्ञान शिकवतो म्हटलं की लोक दोन गोष्टी विचारतात. याला नोकरी लागते का, आणि आत्मा असतो का. पहिल्याचं उत्तर, मला लागली, एवढंच मी देऊ शकतो. दुसरा प्रश्न आमच्या वासणा भागातल्या सोसायटीतले एक शेजारी मला लिफ्टमध्ये विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता तिसऱ्या मजल्यावर उतरून जायचे. बारा वर्षं हे चाललं. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त मजला गाठायचा होता.

माझा खास विषय नीतिशास्त्र, आणि त्यातही फलप्रामाण्यवाद. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. एखादा विचार बोलायला किती सुंदर आहे यावरून त्याची किंमत ठरत नाही. तो विचार घेऊन जगायला लागलं की तुमचं आणि तुमच्या आजूबाजूच्यांचं काय होतं, यावरून ठरते. नीतीचे नियमसुद्धा आकाशातून पडलेले नाहीत. आपल्या आधीच्या माणसांनी करून पाहिलं, ठेच खाल्ली, त्यातून ते आले, आणि आपणही ते करून पाहून तपासायचे असतात. आणखी एक. माणूस म्हणजे मुख्यतः त्याच्या सवयी. तुम्हाला बदलायचं असेल तर नुसता निश्चय करून काही होत नाही. सवय कुठे उगवते, कशावर पोसते ते शोधायचं आणि तिथली मांडणी हलवायची. झालं, एवढंच. यावर मी दोन सत्रं शिकवायचो.

बडोद्यातल्या मुलांना हे फार पटायचं, आणि चुकीच्या कारणासाठी पटायचं. "म्हणजे सर, जे चालतं ते खरं?" असं कुणीतरी दर वर्षी विचारायचं आणि बाकीचे खूश व्हायचे. मग मला विचारावं लागायचं, चालतं म्हणजे कुणाचं चालतं? तुझं, की समोरच्याचंही?

बडोद्याजवळ सावली नावाचं गाव आहे, त्या बाजूला एक कारखाना आहे. तिथल्या मॅनेजरसाहेबांनी एकदा मला कामगारांपुढे प्रामाणिकपणावर बोलायला बोलावलं. मी आधी विचारलं, अप्रामाणिकपणा नेमका कुठे होतोय? ते म्हणाले, तसं काही नाही, पण गेटवर रोज सगळ्यांचे डबे उघडून तपासतो आम्ही. मी म्हटलं, मग एक महिना तपासू नका आणि काय होतं ते लिहून ठेवा. भाषणापेक्षा हे उपयोगी पडेल. "सर," ते म्हणाले, "आम्ही भाषण मागितलं होतं." शेवटी मी भाषण केलं, शाल घेतली आणि निघालो. गेटवर माझीही पिशवी तपासली.

तर शिकवण्याची माझी एक पद्धत होती, तिचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. एम.ए.च्या वर्गाला मी निबंध देत नसे. शंभर पानांची एक वही करायला लावायचो, प्रयोगवही. प्रत्येकाने आपल्या वागण्यातली एक गोष्ट निवडायची, ती तीन आठवडे बदलून बघायची आणि रोज नोंद करायची. 'मी चांगला वागेन' असलं काही मी चालवून घेत नसे. कधी, कुठे, कुणाशी, नेमकं काय करणार, ते पहिल्या पानावर लिहायचं आणि माझी 'मान्य' अशी सही घ्यायची. प्रयोग फसला तरी गुण मिळत. खोटी नोंद केली तर नाही. एका मुलाने ठरवलं की जेवताना मोबाइल बाजूला ठेवून आजोबांशी बोलायचं. नवव्या दिवशी त्याने लिहिलं, 'आजोबांना बोलायचं नाही. त्यांनाही मोबाइल हवा आहे.' मी त्याला पैकीच्या पैकी दिले.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी या वर्गात कोकिलाबेन आल्या. वय बावन्न. पाणीगेटमध्ये लेडीज टेलरिंगचं दुकान, पंचवीस वर्षांचं. बी.ए. घरी बसून केलेलं. वर्गात बाकीची सात मुलं त्यांच्या लेकरांच्या वयाची, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी त्यांना 'मासी' करून टाकलं. मी विचारलं, एम.ए. तत्त्वज्ञानातच का? त्या म्हणाल्या, "अंग बदललं की लोक माझ्याकडे कपडे उसवायला आणतात, सर. स्वभाव उसवता येतो का, ते मला बघायचंय." एकतीस वर्षांत प्रवेशाचं इतकं चांगलं कारण मला कुणी दिलं नव्हतं. बहुतेकांचं कारण 'दुसरीकडे मिळालं नाही' हे असायचं.

मी तापट आहे हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळत होतो. माझा आवाज मोठा आहे आणि राग आला की तो शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गात ऐकू जायचा. तिथले प्राध्यापक म्हणे तेवढा वेळ थांबत आणि मग पुढे शिकवत. उशिरा येणारा विद्यार्थी आणि वाजणारा फोन, ही माझ्या रागाची दोन हमखास ठिकाणं. मी त्याला राग म्हणत नसे. शिस्त म्हणत असे.

जानेवारीतल्या एका मंगळवारी कोकिलाबेनचा फोन वर्गात तीन वेळा वाजला. दोनदा मी दुर्लक्ष केलं, म्हणजे नुसतं खडू खाली ठेवून बघितलं. तिसऱ्यांदाही त्यांनी तो उचलला, पदर तोंडाशी धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ना बेन, नथी थयुं. बुधवारे आवजो." म्हणजे, झालं नाही, बुधवारी या. माझा तोल गेला. मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण पुढे मला ते एकदा लिहावं लागलंच होतं. मी म्हणालो, "ब्लाउज शिवायचे असतील तर दुकानात बसून शिवा. इथे एका जागेची अडवणूक कशाला करता?"

कोकिलाबेन उभ्या राहिल्या. "सर, वहीत..." असं काहीतरी म्हणायला लागल्या. मी म्हटलं, "वही-बिही काही सांगू नका." त्यांनी चष्मा डबीत घातला, पिशवी उचलली, "सॉरी सर" म्हणाल्या आणि गेल्या. मुलं खाली बघत होती. मी राहिलेला भाग शिकवून संपवला. विषय होता, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणे.

त्या पुन्हा आल्या नाहीत. वही मात्र बाकावर राहिली होती. हिरल नावाच्या मुलीने ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. हिरल वर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत आगाऊ. वही ठेवून ती सरळ निघून गेली, हेच मला झोंबलं. मी वही खणात टाकली.

दोन आठवड्यांनी ऑफिसातून यादी आली. हजेरी कमी पडलेल्यांची नावं, म्हणजे ज्यांचा परीक्षेचा फॉर्म घ्यायचा नाही ते. यादीत कोकिलाबेन होत्या. फॉर्मची शेवटची तारीख चार आठवड्यांवर होती. त्या परत आल्या नाहीत तर वर्ष गेलं, आणि बावन्नाव्या वर्षी दुकान सांभाळून आलेली बाई पुढच्या वर्षी पुन्हा येईल असं कोण म्हणेल? मी खण उघडला आणि पहिल्यांदा ती वही वाचली.

पहिल्या पानावर बाळबोध अक्षरात होतं, 'मी पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना खोटी तारीख देते. सगळे टेलर देतात. परवा होईल म्हणते आणि परवा त्यांचा फोन उचलत नाही. तीन आठवडे मी खरी तारीख देईन. कुठेही असले तरी फोन पहिल्या वेळी उचलीन. झालं नसेल तर झालं नाही म्हणेन. सबब सांगणार नाही.' खाली माझी सही. मान्य.

सही माझीच होती, वळणासकट. एका दुपारी मुलांनी आठही वह्या माझ्यापुढे ठेवल्या होत्या आणि चहा निवायच्या आत मी आठ सह्या ठोकल्या होत्या. आयुष्यभर मी मुलांना सांगितलं की विचार वर्गाबाहेर नेऊन वापरा. एका बाईने तो वापरला, त्याचा आवाज वर्गात आला, आणि मी तिलाच बाहेर काढलं. मला इतकी लाज वाटली की मी केबिनचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून पाणीगेटला गेलो. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन मशीनं, भिंतीवर हँगरला लावलेली पोलकी. कोकिलाबेननी लगेच स्टूल पुसून दिलं. "बेसो ने सर. चा पिशो?" चहा आला. मी त्यांची वही परत दिली आणि सरळ माफी मागितली. वही न वाचता सही केली, चूक माझी, बोललो ते त्याहून वाईट, तुम्ही उद्यापासून या.

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं नाही. "माफीचं काय आहे सर," त्या म्हणाल्या, "मी पण रोज मागते. तारीख चुकली की गिऱ्हाइकाची माफी. अगदी मनापासून मागते हां. पंचवीस वर्षं मागतेय. तारीख चुकायची काही थांबली नाही."

मी म्हटलं, "मग मी काय करू? वचन देऊ?"

"वचन नको. वही करा. तीन आठवडे. मग मला दाखवा."

मला तिथेच राग आला. एक विद्यार्थिनी मला गृहपाठ देते म्हणजे काय? तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार, कारण कोकिलाबेन चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आला ना? हा लिहा. पहिली नोंद." आणि मग जरा हळू, "सर, मी रुसले नाही. मला यायचंय. पण त्या दिवशी मुलांसमोर मला असं वाटलं की मी खरंच जागा अडवतेय. पुन्हा तसं वाटणार असेल तर मला नाही जमणार."

घरी येऊन मी हे सगळं सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "एवढ्यासाठी पाणीगेटपर्यंत गेलात? इथे विचारलं असतंत तर पेट्रोल वाचलं असतं." मी एक कोरी वही घेतली आणि लिहिलं, 'तीन आठवडे रागवायचं नाही.'

दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, सगळं त्यांच्यासमोरच झालं होतं. हिरलने वही मागितली, पान वाचलं आणि परत दिली. "सर, हे नाही चालणार. कधी, कुठे, कुणाशी, नेमकं काय करणार?" हे माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मी पुन्हा लिहिलं, 'राग आला की बोलण्याआधी समोरच्याला एक प्रश्न विचारायचा.' हिरल म्हणाली, कोणता? मी म्हटलं, उदाहरणार्थ, तुम्हाला काही कळतं का? ती म्हणाली, "सर, तो प्रश्न नाहीये." सगळा वर्ग हसला आणि शेवटी प्रश्न ठरला, 'काय झालं?' सही हिरलने केली. वाचून.

पहिला आठवडा वाईट गेला. तिसऱ्या दिवशी मी प्रोजेक्टर नीट करायला आलेल्या माणसावर ओरडलो. पाचव्या दिवशी हिरलवर. दोन्ही लिहिलं. मग एक गंमत दिसायला लागली. नोंदीत मी वेळ लिहीत होतो, आणि राग बहुतेक वेळा अकरा ते साडेबाराच्या मध्ये येत होता. सकाळी मी चहावर निघायचो, वासण्याहून रहदारीतून स्कूटर हाणत यायचो, आणि दीडला डबा उघडायचो. म्हणजे ज्याला मी एकतीस वर्षं तत्त्वाचा संताप समजत होतो त्यातला बराचसा भाग रिकामं पोट होतं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला हे कबूल करणं किती जड जातं, ते तुम्हाला नाही कळणार. मी खिशात खाखरे ठेवायला लागलो. अकराला दोन खायचे. मांडणी हलवणं म्हणतात ते हेच, आणि मी ते दुसऱ्यांना इतकी वर्षं शिकवत होतो.

सगळा राग मात्र खाखऱ्याने गेला नाही. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा वीस मिनिटं उशिरा आला. माझं डोकं तापलं, पण नियमाप्रमाणे विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "बस चुकली," आणि बसला. दोन शब्दांत संपलं. या दोन शब्दांना मी आजवर दहा मिनिटांच्या भाषणाने उत्तर देत आलो होतो. त्या दिवशी वहीपाशी बराच वेळ बसलो, तेव्हा लक्षात आलं की उशिरा आलेला मुलगा मला न बोलता सांगायचा की तुमची पहिली वीस मिनिटं हुकली तरी काही बिघडत नाही. ते खरं असेल अशी मला भीती वाटायची. भीती दाखवण्यापेक्षा ओरडणं बरं दिसतं. हे मी वहीत लिहिलं आणि मग हलकं वाटलं.

तीन आठवड्यांत एकूण चार वेळा ओरडलो. चौथ्यांदा घरी, चष्मा सापडत नव्हता म्हणून, सुनंदावर. कॉलेजपुरता नियम धरावा असं मनात आलं होतं, पण खोटी नोंद ती खोटी नोंद.

वही घेऊन पुन्हा पाणीगेटला गेलो. फॉर्मला तीन दिवस उरले होते. कोकिलाबेननी हात धुतले आणि वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. खाखऱ्यापाशी हसल्या. भीतीपाशी एकदम थांबल्या, माझ्याकडे बघितलं नाही. मग म्हणाल्या, "तीन आठवड्यांत चार वेळा. आधी किती वेळा ओरडायचा?"

मी म्हटलं, "मोजलं नव्हतं."

"मग कमी झालं का जास्त, ते कसं कळणार?"

प्रयोगातली ही इतकी साधी चूक मी मुलांना दर वर्षी दाखवायचो. नवं माप घेण्याआधी जुनं माप लिहून ठेवा. माझ्या वहीत जुनं माप नव्हतं. मी म्हटलं, "एका माणसाला माहीत असेल. उद्या सांगतो." आणि घरी आलो.

सुनंदा हॉलमध्ये पेपर वाचत होती. मी विचारलं, "आधी मी किती वेळा ओरडायचो गं? आठवड्याला, अंदाजे?"

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग माझ्या हातातली वही बघून ती विचार करायला लागली. "अहो, मी काय मोजत बसणार?" ती म्हणाली. "तुमचा आवाज चढला की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. तिथे काही काम नसलं तर डबे पुसायचे. आवाज थांबला की बाहेर यायचे. किती वेळा ते नाही सांगता येणार. पण आपले डबे नेहमी चकचकीत असायचे ना."

ती हे सहज बोलली. तक्रार नव्हती त्यात, उलट शेवटी जरा हसलीच. मी पस्तीस वर्षं समजत होतो की माझ्या बायकोला स्वच्छतेची फार आवड आहे. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. मला तिच्यासमोर उभं राहवेना. मी गॅलरीत जाऊन बसलो आणि रडलो, ते लिहायला मला आता संकोच वाटत नाही. आत येऊन वहीच्या शेवटच्या पानावर तिचं बोलणं शब्दाला शब्द लिहिलं. खाली तिची सही घेतली. तिने विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, जुनं माप.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. कोकिलाबेननी ते पान वाचलं. परत एकदा वाचलं. वही मिटून मला दिली, मशीनवर कापड टाकलं आणि शेजारच्या बांगडीवाल्या बाईला हाक मारून सांगितलं, "दुकान पर ध्यान राखजो, हुं कॉलेज जाऊं छुं." मग मला म्हणाल्या, "अकराचा तास आहे ना सर? तुम्ही पुढे व्हा, मी रिक्षाने येते."

त्या आल्या, पण हजेरी भरून यायची नव्हतीच. हजेरी माफीचा अर्ज विभागप्रमुखाने करायचा असतो, आणि विभागप्रमुख मीच, विभागात दुसरं कोण होतं? कारणाच्या रकान्यात सगळे 'आजारपण' लिहितात. हेडक्लार्कने पेन उघडून तेच लिहायला घेतलं. मी अर्ज स्वतःकडे घेतला आणि लिहिलं, 'विद्यार्थिनी गैरहजर राहिली कारण शिक्षकाने वर्गात तिचा अपमान केला. शिक्षक मी.' बोललेलं वाक्यही लिहिलं.

प्राचार्यांनी मला बोलावलं. आमचे प्राचार्य सज्जन, कुणाच्या वाकड्यात न शिरणारे. म्हणाले, "दिघेसाहेब, पोटदुखी लिहा ना. त्यांचंही काम होईल, तुमच्याही फाइलला डाग नको."

मी म्हटलं, "साहेब, पोट त्यांचं दुखलं नव्हतं."

"शांती राखो," ते म्हणाले, "वर्षभरात निवृत्त होताय. मुदतवाढीचा विचार चाललाय तुमच्या."

मला राग आला. खिशात हात घातला, खाखरा संपला होता. म्हणून विचारलं, "साहेब, खरं लिहिलं तर काय होईल?" प्राचार्यांनी थोडा विचार केला. असं कुणी लिहीतच नसल्यामुळे काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी सही केली. माफी मंजूर झाली, कोकिलाबेनचा फॉर्म शेवटच्या दिवशी गेला. मला मुदतवाढ मिळाली नाही. या अर्जामुळे की विषयालाच मुलं उरली नव्हती म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

कोकिलाबेन दुसऱ्या वर्गात पास झाल्या. त्यांची प्रयोगवही मी तपासली ती मात्र त्या वर्षीची सगळ्यांत चांगली. खरी तारीख द्यायला लागल्यावर दोन जुनी गिऱ्हाइकं सोडून गेली, एका बाईंनी फोनवर वाट्टेल ते सुनावलं, आणि मग काम आपोआप झेपेल एवढंच यायला लागलं. शेवटची नोंद अशी होती, 'आता फोन फार वाजत नाही. तारीख खरी असली की कुणी विचारत नाही.' नीतिशास्त्रावर मी पुष्कळ वाचलंय. यापेक्षा नेमकं वाक्य माझ्या वाचनात आलेलं नाही, आणि ते माझ्या वर्गातून आलं, याचा मला गर्व आहे तो आहे.

रुखरुख एकच. कोकिलाबेनची वही बाकावर राहिली म्हणून मला कळलं. त्याआधीच्या वर्षांत माझ्या आवाजामुळे कुणी उठून गेलं असेल, दुसरा विषय घेतला असेल, घरी बसलं असेल, तर त्यांचं काही मागे राहिलेलं नाही. हजेरीपत्रकात फक्त नावासमोर फुल्या. त्या फुल्या मीच मारलेल्या, जोरात.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. दिवस बरे चाललेत. सकाळी चालायला जातो, दुपारी वाचतो, सोसायटीच्या मिटिंगला जात नाही, कारण मांडणी हलवायची तर काही मांडण्या सोडूनच द्याव्या लागतात. वही अजून चालू आहे, चौथी. रोज लिहिण्यासारखं असतंच असं नाही. मी बदललो असं मी म्हणत नाही, माझ्या शास्त्रात ते म्हणायचा अधिकार मला नाही. ते बाजूच्या माणसाने सांगायचं.

परवा इंटरनेट बंद पडलं. कंपनीचा माणूस फोनवर मला तिसऱ्यांदा तेच सांगत होता आणि माझा आवाज चढला, चांगलाच चढला. सुनंदा हॉलमध्ये तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली. मी तिच्याकडे बघितलं आणि माझं बोलणं अडखळलं. ती म्हणाली, "त्याला विचारा ना, काय झालंय नेमकं." आणि शेंगा सोलत तिथेच बसून राहिली.